मॅजिकच्या नियमांचा गुंता: या चुका टाळा

मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळात टेबलावर वाद पेटला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पण माझं कार्ड आधी आलं होतं ना!" कधी हा मुद्दा बिनतोड असतो, कधी त्याचा निकालाशी काडीचाही संबंध नसतो. त्यामुळे नियम शोधायला लागण्याआधी एवढं ठरवा: तुमचा प्रश्न "कोणती गोष्ट कधी घडते" असा आहे, की "हे कार्ड या क्षणी नेमकं काय आहे" असा? पहिल्याचं उत्तर स्टॅक देतो (टाकलेली कार्डं सुटण्याची, म्हणजे लागू होण्याची, वाट बघतात ती थप्पी), दुसऱ्याचं लेयर्स (कायम चालू असलेले परिणाम लावायच्या ठरलेल्या पायऱ्या). स्टॅकवर सगळा खेळ क्रमाचा. लेयर्समध्ये मात्र कोण आधी आलं हे बहुतेक वेळा कुणी विचारतही नाही.

रिस्पॉन्स चुकीच्या क्षणी देणं

समोरच्याने तुमच्या ग्रिझली बेअर्स या २/२ क्रीचरवर (पॉवर म्हणजे मारण्याची ताकद २, टफनेस म्हणजे सोसण्याची ताकद २) लाइटनिंग बोल्ट टाकला, म्हणजे ३ डॅमेज. तुम्ही रिस्पॉन्समध्ये, म्हणजे तो सुटण्याआधी, जायंट ग्रोथ टाकलं (टर्न संपेपर्यंत +३/+३). स्टॅकवर शेवटी आलेलं आधी सुटतं, म्हणून अस्वल आधी ५/५ होतं, मग त्याला ३ डॅमेज बसतं आणि ते वाचतं. टर्न संपताना +३/+३ जाईल आणि तेव्हा ते मरेल, ही भीती नवख्यांना हटकून वाटते. तसं होत नाही. क्लीनअप स्टेपमध्ये (टर्नच्या अगदी शेवटी) डॅमेज पुसलं जाणं आणि "टर्न संपेपर्यंत" चालणारे परिणाम संपणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात.

आता हेच उलट करा. तुम्ही हौसेने आधी जायंट ग्रोथ टाकलंत आणि समोरच्याने त्याला रिस्पॉन्स म्हणून बोल्ट टाकला. बोल्ट आधी सुटतो, अस्वल अजून २/२ असतानाच मरतं आणि जायंट ग्रोथला टार्गेटच उरत नाही. दोन्ही वेळा कार्डं तीच, पण एका वेळी समोरच्याचं एक कार्ड वाया गेलं आणि दुसऱ्या वेळी तुमची दोन. क्रीचर वाढवायचं कार्ड आधी टाकायची घाई का करू नये, हे यावरून दिसतं.

स्टॅक एका झटक्यात रिकामा होतो, ही आणखी एक गैरसमजूत. दोघांनीही पास केलं की फक्त वरची एक गोष्ट सुटते. त्यानंतर ज्याचा टर्न आहे त्याला पुन्हा प्रायॉरिटी (काही टाकायची संधी) मिळते आणि उरलेला स्टॅक तसाच असताना नवीन काहीही टाकता येतं.

अ‍ॅबिलिटीचा, म्हणजे कार्डावर लिहिलेल्या करामतीचा, उगम मारला म्हणून अ‍ॅबिलिटी मरत नाही. प्रॉडिगल सॉर्सररने टॅप होऊन (कार्ड आडवं करून) १ डॅमेजची अ‍ॅबिलिटी स्टॅकवर ठेवली आणि तुम्ही त्यालाच बोल्टने उडवलंत, तरी ते १ डॅमेज येणारच. मॅना (कार्डं टाकायला लागणारी ऊर्जा) देणारी अ‍ॅबिलिटी तर स्टॅकवर जातच नाही. त्यामुळे लॅनोवार एल्व्ह्ज टॅप केल्यावर "थांब, रिस्पॉन्समध्ये मारतो" म्हणायला जागाच नसते.

किंमत आणि परिणाम यांची गल्लत

अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅबिलिटीत दोन टिंबांच्या (:) डावीकडे किंमत असते आणि उजवीकडे परिणाम. किंमत लगेच भरली जाते आणि ती भरण्याच्या मध्ये कुणालाही घुसता येत नाही. स्पेलवर (टाकलेल्या कार्डावर) "अतिरिक्त किंमत" म्हणून लिहिलेल्या गोष्टीही तशाच. व्हिलेज राइट्स टाकताना एका क्रीचरचा बळी द्यावा लागतो आणि स्पेल सुटल्यावर दोन कार्डं मिळतात. समोरच्याने ते काउंटर केलं, म्हणजे सुटण्याआधीच रद्द केलं, तर कार्डं नाहीत आणि क्रीचरही गेलेलं. "मग माझं क्रीचर परत दे" हा युक्तिवाद चालत नाही. याची दुसरी बाजू फायद्याची आहे: समोरचा तुमचं क्रीचर मारायला निघालाच असेल तर रिस्पॉन्समध्ये त्याचाच बळी द्या.

टार्गेट गेलं, तरी उरलेलं मिळेल असं धरून चालणं

स्पेल सुटायच्या वेळी त्याची सगळी टार्गेट्स बेकायदा झालेली असतील तर ते सुटतच नाही, त्याचा एकही भाग होत नाही. क्रिप्टिक कमांडमध्ये तुम्ही "स्पेल काउंटर करा" आणि "एक कार्ड घ्या" हे दोन पर्याय निवडलेत आणि मधल्या वेळात ते स्पेल दुसऱ्याच कुणी काउंटर केलं, तर तुम्हाला कार्डही मिळत नाही. "काउंटर करा" आणि "पर्मनंट हातात पाठवा" (पर्मनंट म्हणजे बॅटलफील्डवर, टेबलावर टिकून राहणारं कार्ड) हे दोन पर्याय निवडले असतील तर टार्गेट्स दोन. त्यातलं एक गेलं तरी दुसऱ्यावरचं काम होतं.

कार्डावर टार्गेट हा शब्द आहे का, हे वाचायची सवयच लावून घ्या. हेक्सप्रूफ क्रीचरला समोरचा टार्गेट करू शकत नाही, पण सगळी क्रीचर्स नष्ट करणारं रॅथ ऑफ गॉड हे पांढरं कार्ड कुणालाच टार्गेट करत नाही. ते हेक्सप्रूफवाल्याला घेऊन जातं आणि पांढऱ्या रंगापासून प्रोटेक्शन असलेल्यालाही. प्रोटेक्शन चारच गोष्टी अडवतं: त्या रंगाचं डॅमेज, त्या रंगाचं ऑरा किंवा इक्विपमेंट (दुसऱ्या कार्डाला जोडायची कार्डं) चिकटणं, त्या रंगाच्या क्रीचरने ब्लॉक करणं आणि टार्गेट होणं. खेळाडूला एका क्रीचरचा बळी द्यायला लावणाऱ्या डायबॉलिक एडिक्टचं टार्गेट खेळाडू असतो, त्यामुळे तिथे क्रीचरचं हेक्सप्रूफ कामाचं नाही.

क्लोनही टार्गेट करत नाही. कशाची नक्कल करायची हे तो बॅटलफील्डवर येता येताच ठरतं, म्हणून निवड कळल्यावर रिस्पॉन्स द्यायला वेळ उरत नाही. समोरच्या क्रीचरवरचे +१/+१ काउंटर्स (वाढ दाखवायला कार्डावर ठेवलेल्या खुणा), चिकटलेली ऑरा, जायंट ग्रोथचा फुगवटा, यातलं काहीच क्लोनकडे येत नाही.

ओब्लिव्हियन रिंग आणि बॅनिशिंग लाइट सारखीच समजणं

दोन्ही तीन मॅनाची, दोन्ही समोरचं पर्मनंट एक्झाइल करतात (खेळाबाहेर ठेवतात) आणि स्वतः गेली की ते परत येतं. पण रचना वेगळी आहे. ओब्लिव्हियन रिंगमध्ये दोन स्वतंत्र ट्रिगर्स (काही घडलं की आपोआप स्टॅकवर जाणारे परिणाम) आहेत: आल्यावर एक्झाइल करा, गेल्यावर परत आणा. समजा पहिला ट्रिगर अजून स्टॅकवर असतानाच कुणी रिंग नष्ट केली. "परत आणा" हा ट्रिगर स्टॅकवर वर बसतो आणि आधी सुटतो. तेव्हा परत आणायला काहीच नसतं. मग खालचा "एक्झाइल करा" सुटतो आणि ते कार्ड कायमचं जातं. समोरच्याच्या रिंगला घाईने रिस्पॉन्स देणारे आपलंच कार्ड असं घालवून बसतात. रिंग नष्ट करायची असेल तर पहिला ट्रिगर सुटू द्या आणि मग करा.

बॅनिशिंग लाइटवर एकच ट्रिगर आहे आणि त्यात "हे बॅटलफील्ड सोडेपर्यंत" असा कालावधी आहे. ट्रिगर सुटण्याआधीच लाइट गेलं तर तो कालावधी संपलेला असतो आणि काहीच एक्झाइल होत नाही. इथे तातडीचा रिस्पॉन्सच योग्य.

"आधी-नंतर" लेयर्समध्ये आणणं

सगळ्यात जास्त डोकेफोड इथे होते. कायम चालू असलेले परिणाम एकमेकांवर आदळले की ते या ठरलेल्या क्रमाने लावायचे: १ नक्कल, २ ताबा, ३ मजकूर, ४ प्रकार, ५ रंग, ६ अ‍ॅबिलिटीज मिळणं किंवा जाणं, ७ पॉवर-टफनेस. सातव्यातही पायऱ्या आहेत. कार्डाचं स्वतःच ठरणारं मूल्य आधी, मग "मूळ पॉवर-टफनेस अमुक होते" असं ठरवणारे परिणाम, मग वाढवणारे-घटवणारे परिणाम आणि काउंटर्स, शेवटी अदलाबदल.

सोपं उदाहरण घ्या. २/२ क्रीचरवर दोन +१/+१ काउंटर्स आहेत, म्हणजे ते ४/४. समोरच्याने टर्न टू फ्रॉग टाकलं: सगळ्या अ‍ॅबिलिटीज गेल्या, मूळ १/१. पुष्कळ जण आता १/१ धरून खेळतात. बरोबर उत्तर ३/३. मूळ मूल्य आधी ठरतं, काउंटर्स त्यावर चढतात. जायंट ग्रोथही टर्न टू फ्रॉगच्या आधी टाकलं असो की नंतर, चढतंच.

पुढचं उदाहरण जास्त लोकांना खटकतं. मेगस ऑफ द मून हे क्रीचर बेसिक (साध्या) नसलेल्या सगळ्या लँड्सना, म्हणजे मॅना देणाऱ्या जमिनींना, माउंटन या प्रकारची लँड करतं. त्याच्यावर टर्न टू फ्रॉग टाकलं, त्याच्या अ‍ॅबिलिटीज गेल्या, मग लँड्स सुटायला हव्यात ना? सुटत नाहीत. लँडचा प्रकार बदलणं चौथ्या लेयरमध्ये होतं आणि अ‍ॅबिलिटी जाणं सहाव्यात. चौथा लेयर लागतो तेव्हा मेगसकडे ती अ‍ॅबिलिटी अजून असते. उपाय एकच, मेगसला बॅटलफील्डवरून घालवा.

एकाच लेयरमध्ये दोन परिणाम भिडले तर मात्र टाइमस्टॅम्प बघायचा: जे आधी आलं ते आधी लावायचं, नंतरचं त्यावर. ह्युमिलिटी आणि ओपलेसन्स ही कुप्रसिद्ध जोडी त्याचा नमुना. ह्युमिलिटी सगळ्या क्रीचर्सच्या अ‍ॅबिलिटीज काढून त्यांना मूळ १/१ करते. ओपलेसन्स ऑरा नसलेल्या इतर एन्चांटमेंट्सना (टेबलावर राहणाऱ्या जादूच्या कार्डांना) क्रीचर बनवून त्यांच्या मॅनाच्या किमतीइतकी पॉवर-टफनेस देतं. ओपलेसन्स नंतर आलं तर ह्युमिलिटी ४/४ होते, आधी आलं असेल तर १/१. हे टेबलावर तर्काने सोडवायच्या फंदात पडू नका. दोन्ही कार्डं एका डेकमध्ये ठेवणाऱ्याने उत्तर पाठच करून यावं.

टाइमस्टॅम्पवरही मात करणारा एक अपवाद आहे, अवलंबित्व. ब्लड मून बेसिक नसलेल्या लँड्सना माउंटन करतो. उर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ प्रत्येक लँडला स्वॅम्पही करते. दोन्ही चौथ्याच लेयरमध्ये. पण ब्लड मून लागला की उर्बोर्ग स्वतःच माउंटन होते, तिची अ‍ॅबिलिटी उरत नाही. म्हणजे उर्बोर्गचा परिणाम ब्लड मूनवर अवलंबून आहे, म्हणून ब्लड मून आधी लागतो. उर्बोर्ग चार टर्न आधीपासून बसलेली असली तरी निकाल तोच.

डॅमेज पुरेसं झालं की लगेच कार्ड उचलणं

स्पेल सुटत असताना मधेच कुणी मरत नाही. खेळ आपोआपची तपासणी स्पेल पूर्ण सुटल्यावर करतो: टफनेस ० झाली का, पुरेसं डॅमेज बसलं का, लाइफ ० झालं का. टार्मोगॉइफचं कोडं यातूनच येतं. त्याची पॉवर म्हणजे सगळ्या ग्रेव्हयार्ड्समधल्या (वापरलेल्या आणि मेलेल्या कार्डांच्या थप्प्यांमधल्या) कार्डांच्या प्रकारांची संख्या, टफनेस त्याहून एकने जास्त. ग्रेव्हयार्ड्समध्ये फक्त क्रीचर आणि लँड असतील तर तो २/३. त्याला बोल्ट मारला. ३ डॅमेज बसलं, मग सुटण्याची शेवटची पायरी म्हणून बोल्ट ग्रेव्हयार्डमध्ये गेला. आता तिथे इन्स्टंटही (बोल्टचा कार्डप्रकार) आला आणि टार्मोगॉइफ ३/४ झाला. तपासणी यानंतर होते आणि तो वाचतो. ग्रेव्हयार्ड्समध्ये आधीच एखादा इन्स्टंट असता तर गोष्ट वेगळी: तो ३/४ च असता, बोल्टने मेला नसताच, पण वाढलाही नसता.

इंडिस्ट्रक्टिबल (नष्ट करता न येणारं) क्रीचर टफनेस ० झाल्यावर मरतं, कारण ते नष्ट होत नाही, सरळ ग्रेव्हयार्डमध्ये ठेवलं जातं. डिसमेंबरचं -५/-५ त्यासाठीच जवळ ठेवतात.

कॉम्बॅट

डेथटच (कितीही डॅमेज मारायला पुरे) आणि ट्रँपल (उरलेलं डॅमेज खेळाडूला) एकत्र असलेल्या ६/६ ला ५/५ ने ब्लॉक केलं, तर ब्लॉकरला १ पुरे आणि ५ खेळाडूला. ब्लॉक झालेला अटॅकर ब्लॉकर नाहीसा झाला तरी ब्लॉक झालेलाच राहतो. ट्रँपल नसेल तर तो खेळाडूला काहीही करत नाही. व्हेइकलने (वाहनाच्या कार्डाने) अटॅक करायचा असेल तर ते क्रू करायचं, म्हणजे क्रीचर्स टॅप करून चालवायचं, ते अटॅकर्स जाहीर करण्याआधी. नुकतंच आलेलं क्रीचर क्रूसाठी टॅप करता येतं, कारण तिथे टॅपचं चिन्ह नसतं.

बऱ्याच वर्षांनी खेळाकडे परतणाऱ्यांनी दोन गोष्टी विसराव्यात. कॉम्बॅट डॅमेज स्टॅकवर जाणं २००९ मध्ये, मॅजिक २०१० या संचाबरोबर बंद झालं. ब्लॉकर्सना आधी क्रम लावून त्या क्रमाने डॅमेज वाटायची पद्धत २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये फाउंडेशन्स हा संच आल्यावर गेली. आता वाटणी डॅमेजच्या क्षणी ठरते. त्यामुळे ब्लॉकर वाचवायचं स्पेल वाटणी बघून टाकू असं म्हणाल तर उशीर झालेला असेल.

कमांडरवाल्यांसाठी

कमांडर (त्याच नावाच्या खेळप्रकारात डेकचा म्होरक्या असलेलं कार्ड) मेला की तो आधी खरोखर ग्रेव्हयार्डमध्ये जातो, मग मालक हवं तर त्याला कमांड झोनमध्ये (कमांडरच्या राखीव जागेत) नेतो. हे २०२० पासून. म्हणजे त्याच्या मरण्यावरचे ट्रिगर्स चालतात. टोकनचंही (एखाद्या परिणामाने तयार झालेल्या, कार्ड नसलेल्या पर्मनंटचंही) तेच, आधी ग्रेव्हयार्ड, मग नाहीसं. पण टेबलावर रेस्ट इन पीस असेल तर कार्ड ग्रेव्हयार्डऐवजी एक्झाइलमध्ये जातं, आणि मग "मेला" असं झालेलंच नसतं. दोन खेळाडूंचे ट्रिगर्स एकदम आले तर ज्याचा टर्न आहे त्याचे स्टॅकवर आधी जातात, म्हणून सुटतात शेवटी. चार जणांच्या टेबलावर हे जवळजवळ दर दुसऱ्या टर्नला लागतं.

टेबलावर अडलं तर

हात थांबवा आणि कार्डं जिथे आहेत तिथेच राहू द्या. गॅदररवर (मॅजिकच्या कार्डांच्या अधिकृत ऑनलाइन संग्रहात) कार्डाचा आजचा मजकूर उघडा. जुन्या कार्डावर छापलेला मजकूर आज लागू असेलच असं नाही, आणि गॅदररवर खाली त्या कार्डाचे ठरलेले निर्णयही असतात. मग मजकुराची ठेवण बघा. दोन टिंबं असतील तर अ‍ॅक्टिव्हेटेड. "व्हेन", "व्हेनेव्हर" किंवा "अ‍ॅट" ने सुरुवात असेल तर ट्रिगर्ड. "इन्स्टेड" असेल तर रिप्लेसमेंट, ती स्टॅकवर जात नाही आणि तिला रिस्पॉन्सही नसतो. एक कार्ड "करता येईल" म्हणतं आणि दुसरं "करता येणार नाही", तर दुसरं जिंकतं.

स्पर्धेत असाल तर वाद घालत बसू नका, हात वर करून जजला बोलवा. तो येईपर्यंत काहीही मागे घेऊ नका. चुकून जास्तीचं कार्ड घेतलं गेलं असेल तर ते हातातल्या कार्डांत मिसळू नका, टेबलावर पालथं वेगळं ठेवा. एकदा मिसळलं की ते कोणतं होतं हे कुणालाच दाखवता येत नाही, आणि चूक दुरुस्त करणं जजलाही अवघड होऊन बसतं.