उडत्या जनुकाला बसलेला लगाम कागदी पट्टीवर कसा दाखवावा

प्रतिपिंडांची जनुके जुळवणारे रॅग हे विकर मूळचे एका उडत्या जनुकाचे (डीएनएत एका जागेवरून सुटून दुसरीकडे जाऊन बसणाऱ्या तुकड्याचे) असून यजमान प्राण्याने ते ताब्यात घेतले, ही गोष्ट फळ्यावर सांगून विद्यार्थ्यांच्या गळी उतरत नाही, असा ठाण्यात बी.एस्सी.च्या मुलांना शिकवताना मला आलेला अनुभव आहे. कात्री आणि कागदाची पट्टी हाती दिली, की मात्र उलगडा होतो.

पट्टीवर डीएनएच्या एका अक्षराला अर्धा सेंटिमीटर हे प्रमाण धरावे. दोन्ही टोके दहा-दहा सेंटिमीटर लाल रंगवावीत. हे व्ही आणि जे जनुकखंड, म्हणजे ज्यांच्या जोडणीतून प्रतिपिंडाचे जनुक तयार होते ते तुकडे. प्रत्येक लाल कडेपासून आत सात अक्षरांची खूण (सी-ए-सी-ए-जी-टी-जी), मग मोकळी जागा आणि त्यापुढे नऊ अक्षरांची खूण काढावी. मोकळी जागा एकीकडे १२ आणि दुसरीकडे २३ अक्षरांची असावी, कारण रॅग अशीच विजोड जोडी पकडते. (बारा म्हटले की आमच्या मुलांना लोकलचे डबे आठवतात आणि ती दुसरा आकडा पंधरा लिहून मोकळी होतात.)

आता दोन्ही लाल कडांवर कापावे, लाल टोके चिकटपट्टीने जोडावीत आणि मधल्या तुकड्याचे कडे करून बाजूला ठेवावे. हे झाले प्रतिकार यंत्रणेचे रोजचे काम.

दुसऱ्या पट्टीवर काप तसाच घ्यावा, परंतु मधला तुकडा कडे न करता तिसऱ्या, कोऱ्या पट्टीत घुसवावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तीच पाच अक्षरे लिहावीत. उडते जनुक नव्या जागी बसले, की अशीच पुनरुक्ती मागे उरते. या ठिकाणी घाई करू नये. दोन्ही प्रयोगांत कात्री एकच होती, फरक पडला तो कापल्यानंतर, हे विद्यार्थ्यांनी स्वतः म्हणेपर्यंत थांबावे. रॅग परीक्षानळीत असा तुकडा घुसवू शकते, हे १९९८ मध्ये दिसले. अ‍ॅम्फिऑक्सस या सागरी प्राण्यात रॅगचे उडते भावंड २०१६ मध्ये सापडले. पुढे २०१९ मध्ये असे आढळले, की रॅग-१ मधील (रॅग-१ आणि रॅग-२ ही रॅगची दोन प्रथिने) ८४८ व्या स्थानावरचे आर्जिनीन हे अमिनो आम्ल बदलून तेथे भावंडातले मेथिओनीन बसवल्यास घुसण्याची जुनी खोड उफाळून येते, आणि रॅग-२ मधील आम्लधर्मी भागही तिला आवर घालतो. म्हणजे यजमानाने कात्री ठेवली, पण सुई काढून घेतली.

बाकीचे लगाम तोंडी सांगितले तरी चालतात: रॅग केवळ घडत असलेल्या लसिकापेशींत (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींत) बनते, सक्रिय जनुकांजवळच्या हिस्टोनवरील (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरील) खुणेला रॅग-२ चिकटते, आणि पेशी डीएनएची नक्कल करू लागण्याआधी रॅग-२ नष्ट केले जाते. कापलेली टोके पेशीच्या दुरुस्ती यंत्रणेकडे सोपवली जातात, हेही विसरू नये.

खारघरला अ‍ॅक्ट्रेक ही कर्करोग संशोधन संस्था असल्यामुळे असेल, पण नवी मुंबईची मुले लगाम सुटल्यास काय होते, हे हमखास विचारतात. त्यांना कोऱ्या पट्टीवर भलत्याच जागी सी-ए-सी या अक्षरांनी सुरू होणारी नकली खूण काढायला लावावी आणि तेथे कापायला सांगावे; रक्ताच्या काही कर्करोगांत रॅगच्या अशाच चुकीच्या कापांच्या खुणा आढळतात.