जेफरसनचे सांकेतिक चक्र देवनागरीत कसे तयार करावे

अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन हे १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक म्हणून सर्वांना माहीत असले, तरी गुप्त पत्रव्यवहारासाठी त्यांनी लाकडी चकत्यांचे एक यंत्र योजले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सुमारे दोन इंच व्यासाच्या लाकडी दंडगोलाच्या ३६ चकत्या करून त्या लोखंडी दांडीवर ओवायच्या आणि प्रत्येक चकतीच्या कडेवर २६ रोमन अक्षरे वेगवेगळ्या विस्कळीत क्रमाने लिहायची, अशी ती रचना होती. पुढे तिचा विसर पडला. १९२२ मध्ये ती त्यांच्या कागदपत्रांत पुन्हा सापडली, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी अमेरिकी सैन्याने ॲल्युमिनियमच्या २५ चकत्यांचे, याच तत्त्वावरचे यंत्र वापरात आणले.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला नागपूरच्या शाळांतून मांडल्या जाणाऱ्या प्रतिकृतींत ज्वालामुखी आणि पवनचक्क्या पुष्कळ असतात. त्यांच्या जोडीला हे यंत्र ठेवण्यासारखे आहे. मात्र रोमन अक्षरांची नक्कल न करता ते देवनागरीत उतरवावे, कारण खरे डोके तिथेच चालवावे लागते.

देवनागरीत मात्रा आणि जोडाक्षरे असल्यामुळे प्रत्येक अक्षर तोडून लिहावे लागते. ङ आणि ञ वगळून ळ सह ३२ व्यंजने, अ ते औ हे १० स्वर, एक अनुस्वार आणि एक पाय मोडण्याची खूण धरल्यास बरोबर ४४ घरे होतात. मात्रेच्या जागी तिचा स्वर लिहावा, म्हणजे ‘नागपूर’ हा शब्द न, आ, ग, प, ऊ, र असा सहा घरांत बसतो. व्यंजनातला अ एरवी लिहायचा नाही. परंतु ‘मऊ’ आणि ‘मू’ यांत घोटाळा होऊ नये म्हणून व्यंजनानंतर स्वतंत्र स्वर आला की मध्ये अ घालावा: म, अ, ऊ. हा नियम आधी ठरवला नाही, तर दुसऱ्या टोकाचा वाचणारा हमखास अडतो.

चकत्यांसाठी लाकूड कातून घेण्याची गरज नाही. इतवारीत किंवा घराजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात ६३ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइप मिळतो, आणि त्याचा परीघ सुमारे १९.८ सेंटिमीटर असल्यामुळे साडेचार मिलिमीटरची ४४ घरे त्यावर नेमकी बसतात. पाइपभोवती कागद गुंडाळून त्याच्या कडेने रेघ मारली की कापण्याची खूण सरळ येते. त्या खुणांवर दीड सेंटिमीटर रुंदीची १२ कडी करवतीने कापून कडा पॉलिश पेपरने घासाव्यात. पत्र पाठवणारा आणि घेणारा अशा दोघांसाठी दोन संच लागतात, म्हणून दोन फुटांचा तुकडा घ्यावा.

आता ४४ चिठ्ठ्या डब्यात घालून एकेक काढावी आणि निघेल त्या क्रमाने अक्षरे १९.८ सेंटिमीटरच्या कागदी पट्टीवर लिहावीत. प्रत्येक पट्टीसाठी सर्व चिठ्ठ्या पुन्हा मिसळाव्यात. सर्व कड्यांवर एकच क्रम राहिला, तर कडी अदलून बदलून काहीच साधत नाही. दुसऱ्या संचासाठी याच पट्ट्यांची छायाप्रत काढावी, पण मोजपट्टी लावून मोजावी: आमच्या पहिल्या प्रती यंत्राने किंचित लहान छापल्या, त्यामुळे प्रत्येक कड्यावर जोडाशी पाच-सहा मिलिमीटरची फट राहिली आणि ओळी जुळेनात. पट्टी चिकटवलेल्या प्रत्येक कड्याच्या आत १ ते १२ क्रमांक घालावा.

दांडीऐवजी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची पाने घट्ट गुंडाळून कड्यांत सरकवावीत. गुंडाळी आपोआप उलगडू पाहते आणि कडी आतून धरून ठेवते, त्यामुळे ती हाताने फिरतात पण सैल घरंगळत नाहीत. जुलैत कागद ओल धरून फुगतो, तेव्हा एखादे पान कमी करावे.

संदेश पाठवताना दोघांनी ठरवलेल्या क्रमाने कडी ओवावीत आणि फिरवून एका ओळीत मजकूर जुळवावा. ‘उद्या सकाळी या’ हा उ, द, पाय मोडण्याची खूण, य, आ, स, क, आ, ळ, ई, य, आ असा १२ घरांत बसतो. मग उरलेल्या ४३ ओळींपैकी कोणतीही एक निरर्थक ओळ उतरवून पाठवावी. दर वेळी लगतचीच ओळ घेण्याचा आळस मात्र करू नये. घेणारा आपल्या कड्यांवर ती ओळ जुळवतो आणि यंत्र गोल फिरवत अर्थ लागेल ती ओळ शोधतो.

यंत्र परक्याच्या हाती पडले तरी कड्यांचा क्रम त्याला ठाऊक नसतो, आणि १२ कड्यांचे ४७,९०,०१,६०० क्रम होतात. जेफरसन यांनी आपल्या ३६ चकत्यांसाठी हाच हिशेब मांडला होता: ३७२ वर ३९ शून्ये. म्हणून क्रमाची चिठ्ठी यंत्रासोबत ठेवू नये. प्रदर्शनाच्या टेबलावर तर मुळीच नाही.