बालरोगतज्ज्ञ संघटनेने प्रशासनापुढे मागणी कशी मांडावी

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना १९६३ पासून काम करीत आहे, आणि तिच्या शाखांमध्ये व्याख्याने व परिषदा नेमाने होतात. मुलांच्या वतीने प्रशासनाशी बोलण्याचे काम मात्र आपल्याकडे बहुधा निवेदन देऊन फोटो काढण्यापाशी थांबते. आमच्याच शाखेने एकदा अकरा मागण्यांचे निवेदन दिले होते. बातमी छापून आली, पण आवक क्रमांकाखेरीज हाती काहीच लागले नाही. त्या अकरा मागण्या चार-पाच वेगवेगळ्या टेबलांच्या होत्या आणि प्रत्येक टेबलाने त्या दुसऱ्याच्या समजल्या. तेव्हापासून आम्ही एका वेळी एकच मागणी हाती घेतो.

मागणी निवडताना ती ऋतूशी जोडलेली असावी. नंदुरबार, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांच्या सातपुड्यातील पट्ट्यातून, विशेषतः अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतून, दिवाळीच्या आगेमागे असंख्य कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. निघताना सात महिन्यांचे असलेले मूल गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसचे वय, म्हणजे नऊ महिने, उसाच्या फडावर पूर्ण करते आणि होळीला घरी येते तेव्हा अकरा महिन्यांचे झालेले असते. गावच्या यादीत ते ‘बाहेरगावी’ असते आणि फडाजवळच्या आरोग्य केंद्राच्या यादीत त्याचे नावच नसते. येथे ‘लसीकरण वाढवा’ अशी मागणी करून उपयोग नाही. ‘मुकादमाकडे कोयत्यांची, म्हणजे ऊसतोड करणाऱ्या जोडप्यांची, यादी असते, ती आशाताईंनी दिवाळीपूर्वी मिळवावी, त्यावरून पाच वर्षांखालील मुलांची वेगळी नोंद करावी, लसींची नोंद असलेले माता-बाल संरक्षण कार्ड सोबत नेण्यास सांगावे आणि ती नोंद ज्या तालुक्यात कुटुंब जाणार आहे तेथे कळवावी’ अशी मागणी करावी. ती वाचून अधिकाऱ्याला उद्या सकाळी काय करायचे ते कळते.

यानंतर टेबल ओळखावे. नवख्या पदाधिकाऱ्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र आणि लसीकरण हे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे असते. ग्रामीण व जिल्हा रुग्णालय, तेथील नवजात शिशू कक्ष आणि पोषण पुनर्वसन केंद्र जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीत येते, तर अंगणवाडी महिला व बालकल्याण विभागाकडे असते. आदिवासी उपयोजनेतील निधीसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जावे लागते. नंदुरबार जिल्ह्यात त्यांची कार्यालये नंदुरबार आणि तळोदा येथे आहेत. वरील मागणीत आरोग्य आणि अंगणवाडी असे दोन्ही विभाग येत असल्याने ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील लसीकरणाच्या जिल्हा कृती दलाच्या बैठकीत ठेवणे बरे. विषयपत्रिका निघण्यापूर्वी पत्र द्यावे. आयत्या वेळच्या विषयांना आयत्या वेळचेच उत्तर मिळते.

पत्र एका पानाचे असावे. त्यात शाखेतील सभासदांच्या बाह्यरुग्ण नोंदवह्यांतून काढलेली आकडेवारी द्यावी: होळीनंतरच्या महिन्यात आलेल्या, नऊ महिने पूर्ण झालेल्या मुलांपैकी किती जणांचा डोस राहिला होता आणि ती कोणत्या तालुक्यातील होती. मुलाचे नाव, गाव किंवा छायाचित्र देऊ नये. आपल्या दवाखान्यात येणारी मुले म्हणजे जिल्हा नव्हे, हे पत्रात आपणच लिहावे, नाहीतर समोरचा ते बोलून दाखवतो आणि बैठक त्यातच संपते. पत्राला अपेक्षित परिपत्रकाचा मसुदा जोडावा, कारण कोरा कागद भरण्यापेक्षा तयार मसुदा दुरुस्त करणे कोणत्याही कार्यालयाला सोपे जाते.

कुपोषणाचा विषय असेल तर आकड्यांबरोबर दंडघेर मोजण्याची पट्टी खिशात न्यावी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषित मानले जाते. बैठकीत पट्टी नेमकी त्या खुणेवर गोल करून टेबलावर ठेवावी. त्या वर्तुळातून समोरचा कटिंग चहाचा ग्लाससुद्धा जात नाही, हे पाहिल्यावर कागद चाळणारे हात थांबतात. हीच पट्टी अंगणवाडीत डाव्या दंडाच्या मध्यावर, त्वचा न दाबता, कशी धरायची हे शिकवायला सभासद येतील, असेही तेथेच सांगावे. मात्र किती जण, कोणत्या वारी आणि कोणत्या केंद्रावर, हे आधी आपसात ठरवूनच.

पैशांबाबत एक पथ्य आहे. शिशुदुग्धपर्याय आणि बालआहार यांविषयीचा १९९२ चा कायदा, त्यातील २००३ च्या दुरुस्तीसह, अशा उत्पादकांना आरोग्य सेवकांच्या संघटनेला परिषदेसाठी किंवा अन्य कामासाठी आर्थिक मदत देण्यास मनाई करतो. कार्यक्रमाच्या फलकावर दुधाच्या डब्याची कंपनी आणि व्यासपीठावर स्तनपानाचे भाषण, हे दृश्य मागणी मांडणाऱ्याची पत घालवते. सभासदांच्या वर्गणीतून चहा-फराळाचा खर्च भागतो आणि त्याहून मोठ्या खर्चाची या कामाला गरज पडत नाही.

पाठपुराव्यासाठी एकाच सभासदाला जबाबदार धरावे आणि दर पंधरवड्याला त्याने आवक क्रमांकासह विचारणा करावी. माहिती अधिकाराचा अर्ज हे शेवटचे साधन समजावे. त्याला ३० दिवसांत उत्तर मिळते खरे, पण त्यानंतर त्या टेबलावरचा चहा मिळत नाही, आणि आपल्याला पुढच्या दिवाळीलाही तेथेच जायचे असते.

परिपत्रक निघाले की ते गावात उतरले का, हे पाहण्याची जागा म्हणजे होळीपूर्वीच्या आठवड्यात भरणारे आदिवासींचे भोंगऱ्या बाजार. परतलेली कुटुंबे तेथे एकत्र भेटतात. स्थानिक आशाताई आणि पावरी किंवा भिली बोलणारा एखादा सोबती घेऊन तेथे बसावे, कार्डे पाहावीत, राहिलेला डोस जवळच्या केंद्रावर त्याच दिवशी द्यायची व्यवस्था आधीच करून ठेवावी, आणि किती कार्डांवर फडाच्या मुक्कामातली नोंद सापडली तेवढे वहीत लिहून घ्यावे. पुढच्या पत्रातला पहिला आकडा तोच असतो.