सोलरची गरम लाइन आणि पीपीआरचं वेल्डिंग: या चुका टाळा

शॉवरला गरम पाणी नीट येत नाही म्हटलं की लोक आधी सोलरवाल्याला शिव्या घालतात. गच्चीवर जाऊन पाहावं तर सोलर बिचारा ठणठणीत, टाकीत पाणी कढत, आणि सगळा घोळ पाइपात. पीपीआर म्हणजे गरम करून जोडायचा जाड प्लास्टिकचा पाइप. त्याच्या वेल्डिंगचं मशीन आता कुणालाही परवडतं, त्यामुळे दोन व्हिडिओ पाहिलेला प्रत्येक जण वेल्डर झालाय. मशीन जरूर घ्या, घरची लाइन घरी टाका. पण तेच तेच घोळ निस्तरून मला आता कंटाळा आलाय, म्हणून हे लिहितोय.

जास्त तापवलेला जोड

पीपीआरमध्ये पाइपाची बाहेरची बाजू आणि सॉकेटची, म्हणजे ज्यात पाइप बसतो त्या तुकड्याची, आतली बाजू एकाच वेळी २६० अंशांवर मऊ करायची आणि एकात एक सरकवायची, एवढंच काम. २० मिमीच्या पाइपाला ५ सेकंद, २५ ला ७, ३२ ला ८. नवशिक्याला ५ सेकंद कमीच वाटतात. ‘जरा पक्कं होऊ दे’ म्हणून तो पंधरापर्यंत मोजतो आणि मग सगळा जोर लावून पाइप तळापर्यंत कोंबतो. बाहेर जाडजूड गोल कडं येतं. गिऱ्हाईक खूश, हाही खूश. तेवढंच प्लास्टिक आतही गोळा झालेलं असतं, ते कुणाला दिसत नाही.

सिंहगड रोडला एका बंगल्यात वरच्या बाथरूमच्या शॉवरला करंगळीएवढी धार यायची. आधीच्या माणसाने प्रेशर पंप सुचवला, मालकांनी तो बसवलाही. पंप चालू असेपर्यंत बरं, लाइट गेली की पुन्हा करंगळी. टाइल फोडायला घरात कुणी तयार नव्हतं, म्हणून मी गच्चीवर उघड्यावर असलेला पहिला एल्बो (काटकोनी जोड) कापला. त्यातून पेन्सिल जेमतेम गेली असती. मालक म्हणाले, “एवढा एकच खराब निघाला असेल हो.” पुढचा कापला, तोही तसाच. टाकीपासून शॉवरपर्यंत एल्बोच एल्बो होते, आणि एकाच हाताने केलेले. शेवटी डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून, नवी लाइन उतरवली. भिंतीतली जुनी तशीच मेली. पंपाचे पैसे गेले ते वेगळेच.

म्हणून साइटवर पहिला जोड मी मुद्दाम वाया घालवतो. एक तुकडा आणि एक सॉकेट जोडायचं, थंड होऊ द्यायचं आणि हॅकसॉने उभं चिरायचं. पाइपाचं तोंड थोडं फुगलेलं दिसलं तर चालतं, पण भोकात ओठ आलेला नको. पाइप किती आत जायचा तिथे पेन्सिलने खूण करा: २० ला १४ मिमी, २५ ला १५. सेकंद तोंडाने मोजा. मोबाइलकडे बघत बसलात की मशीनवरचा हात हलतो.

घालताना पाइप पिळायचा नाही. जीआयवर, म्हणजे आटे पिळून जोडायच्या लोखंडी पाइपावर, हात बसलेल्यांना ही खोड हटकून असते. सरळ सरकवा, वाकडं दिसलं तर पहिल्या दोन-तीन सेकंदांतच हलकं सरळ करा, आणि मग दोन मिनिटं त्याला हात लावू नका. ही दोन मिनिटं ज्याला धरवत नाहीत त्याने सरळ प्लंबर बोलवावा.

मशीनचा डाय (पाइप आणि सॉकेट तापवणारा साचा) स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, टेफ्लॉनचा थर गेला की प्लास्टिक चिकटायला लागतं. गरम असतानाच सुती फडक्याने पुसा.

पाइपात पाण्याचा थेंब असेल तर वेल्डिंग करू नका. कुणी तात्पुरता पावाचा गोळा कोंबतात. तो नंतर मिक्सरच्या जाळीत सापडतो.

‘पाऊण इंचाच्या जागी वीसचा टाकला’

जीआयचं माप आतलं धरतात, पीपीआरचं बाहेरचं. गरम पाण्याचा पीएन २० चा (पीएन म्हणजे दाब सोसायचा वर्ग) २० मिमी पाइप आतून फक्त १३ मिमीच्या आसपास असतो, २५ चा साडेसोळा. पाऊण इंची जीआय काढून ‘वीसचा’ टाकलात तर भोक निम्म्याहून कमी झालं. सोलरचं पाणी उंचीच्या जोरावरच येतं. टाकी शॉवरपेक्षा ३ मीटर वर असेल तर दाब मिळतो चौरस सेंटीमीटरला ०.३ किलो. मुख्य लाइन २५ चीच ठेवा, २० फक्त शेवटच्या नळापुरता.

व्हेंटला बूच

या चुकीचा मला मनस्वी राग येतो. सोलरच्या टाकीवर उघडा उभा पाइप असतो, तो टाकीचा श्वास आहे. त्याचं तोंड थंड पाण्याच्या टाकीतल्या सर्वात वरच्या पातळीपेक्षा उंच पाहिजे. बसवणारा पाइप वाचवतो, तोंड खाली राहतं, थंड टाकी भरली की तिथून पाणी वाहतं, गच्चीला शेवाळ येतं. मग घरातलं कुणीतरी हुशार माणूस त्यावर एंड कॅप मारतं.

एका ठिकाणी असाच कॅप मारलेला. वरची थंड टाकी धुवायची म्हणून सोलरकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद केला, आणि त्याच वेळी तळमजल्यावर कुणीतरी गरम पाण्याची बादली लावली. पाणी खाली ओढलं जातंय, वरून ना पाणी आत येतंय ना हवा. बाहेरचं कवच जसंच्या तसं दिसत होतं, पण आतली स्टीलची टाकी चेपून शिवणीतून गळायला लागली आणि मधलं पफ (उष्णता धरून ठेवणारा फोम) भिजून गेलं. चार फूट पाइप वर वाढवला असता तर काम झालं असतं. व्हेंटवर व्हॉल्व्हसुद्धा नको, कुणीतरी तो कधीतरी बंद करणारच.

गच्चीवरचा साप

साधा पीपीआर तापला की बराच वाढतो. १० मीटरची सरळ लाइन २० अंशांवरून ६० अंशांवर गेली तर ६ सेंटीमीटर. दोन्ही टोकं घट्ट आवळली असतील तर मधला पाइप नागमोडी होतो आणि ताण जोडांवर येतो. मध्ये यू आकाराचा वळसा द्या, क्लॅम्प सैल ठेवा, नाहीतर फायबरवाला पाइप घ्या, तो खूप कमी वाढतो. उन्हाने पीपीआर कडक होऊन तडकतो, त्यामुळे वर काळा फोम हवाच. पण नुसता फोमही उन्हात भुगा होतो, त्यावर अ‍ॅल्युमिनियमची टेप गुंडाळा.

गरम लाइनला पांढरा यूपीव्हीसी, म्हणजे थंड पाण्याचा प्लास्टिक पाइप, चालत नाही. “थोडाच तुकडा आहे” म्हणूनसुद्धा नाही.

लाइन आधी वर चढवून मग खाली आणू नका. त्या उंचवट्यात हवा अडकते आणि नळ नुसता फुसफुसतो.

सोलरच्या रिकाम्या काचेच्या नळ्यांत भर दुपारी पाणी सोडू नका, तडकतात. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर भरा.

प्रेशर टेस्ट न करता प्लास्टर करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, काम सोडतो. रात्रभर प्रेशर धरून ठेवा, सकाळी काटा पाहा, आणि टाइल लावण्याआधी भिंतीचे फोटो घ्या, शेजारी मोजायची टेप लावून.

थंड नळाला गरम पाणी

हा वेल्डिंगचा दोष नसतो, तरी तक्रार माझ्याकडेच येते. मिक्सरच्या दोन्ही बाजू उघड्या आणि पाणी मात्र पुढे हँड शॉवरच्या बटणावर अडवलेलं, असं असलं की ज्या बाजूचा दाब जास्त ती दुसऱ्या लाइनीत घुसते. पंप गरम लाइनीवर असेल तर थंड नळातून गरम पाणी. घरातल्या थंड लाइनीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून बेसिनचा थंड नळ उघडा. पाणी येतच राहिलं तर ते कुठल्यातरी मिक्सरमधून येतंय. एकेका मिक्सरखालचा गरम बाजूचा अँगल कॉक बंद करत जा. ज्याच्यापाशी धार थांबेल तिथे दोन्ही बाजूंना एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह) बसवा.