दहा ओल्या गाड्या आणि अडलेला काटा

वणीकडच्या एका जिनिंगसाठी काट्याच्या पावत्यांचं जावा अ‍ॅप मीच लिहिलेलं. कापसाच्या हंगामात दुपारपर्यंत ठीक चालायचं, मग स्क्रीन नुसती फिरत राहायची आणि 30 सेकंदांनी एरर. "काऊन जी, पावती निघून नाही राहिली?" ट्रॅक्टरवाले विचारत. मी गुपचूप सर्व्हर रीस्टार्ट करायचो.

डेटाबेसची कनेक्शनं तयार ठेवून पुन्हा पुन्हा वापरायला देणारा कनेक्शन पूल हिकारी या जावा लायब्ररीचा, डिफॉल्ट मर्यादा 10 कनेक्शनं. मी आधी 50 केली. मूर्खपणाच, अडायला फक्त उशीर झाला. मग लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड (कनेक्शन इतक्या वेळात परत आलं नाही तर लॉगमध्ये इशारा) 5000 मिलिसेकंद लावला आणि लॉगमध्ये नेमकी ओळ सापडली: ओलावा जास्त भरला की कोड मधूनच रिटर्न, अन् कनेक्शन परत करणारा क्लोज त्याच्या खाली! प्रत्येक ओल्या गाडीमागे एक कनेक्शन गायब. आता कनेक्शन थेट ट्रायच्या कंसातच उघडतो, मधूनच रिटर्न झालं तरी ते आपोआप बंद होतं; जावा 7 पासूनची सोय आहे ती. मर्यादा पुन्हा 10.