दिव्यांग अनुदान अडले आहे? आधी कुठे अडले ते शोधा: या चुका टाळा

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज अडला की घरचे लोक तहसील कार्यालयात खेटे घालू लागतात. पुष्कळदा प्रकरण तिथे अडलेलेच नसते. रुग्णालयाने टक्केवारी कमी लावली असेल तर तहसीलदारांच्या हातात काही नाही. बँकेची आधार जोडणी तुटली असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांचा त्याच्याशी संबंध नाही. दाद मागायची जागा प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे. चुकीच्या दारात उभे राहिल्याने जे महिने जातात, त्यांचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: कागद आत्ता कुणाच्या टेबलावर आहे?

योजनेच्या अटी थोडक्यात अशा. वय १८ ते ६५, दिव्यांगत्व किमान ४० टक्के, महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचे वास्तव्य, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत. इतर निराधारांसाठी उत्पन्नाची मर्यादा २१ हजारांची आहे, आणि काउंटरवर कधी कधी दिव्यांगांनाही तीच सांगितली जाते. घाबरून अर्ज मागे घेऊ नका. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना दरमहा २,५०० रुपये आहेत, इतरांना १,५००.

यूडीआयडीचा अर्ज भरताना

दिव्यांगत्वाचे टक्के सांगणारे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे स्वतंत्र क्रमांकाचे ओळखपत्र) दोन्हींचा अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर एकदाच करायचा असतो. त्याला फी नाही. महा-ई-सेवा केंद्रात भरून घेतलात तर भरणावळ द्यावी लागेल, पण "टक्के वाढवून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खोट्या मार्गाने लाभ घेतल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ९१ खाली २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यात दलाल बाजूला राहतो आणि अडकतो तो लाभार्थी.

नाव आधारवर आहे तसेच्या तसे लिहा. आधारवर 'सुनंदाबाई', पासबुकावर 'सुनंदा' आणि रेशनकार्डावर माहेरचे आडनाव, हा नेहमीचा घोळ. तो अर्ज करण्याआधी निस्तरा. नंतर कार्डावरचे नाव, तहसीलची यादी आणि बँक खाते, तिन्हीकडे दुरुस्ती करत बसावे लागते.

मोबाइल क्रमांक केंद्रचालकाचा देऊ नका. तपासणीची तारीख एसएमएसने येते. ती चुकली की अर्ज पडून राहतो. दिव्यांग हक्क नियमांतील २०२४ च्या दुरुस्तीनुसार रुग्णालयाने ३ महिन्यांत निकाल द्यायचा असतो. पण २ वर्षांत निर्णय झालाच नाही तर अर्ज निष्क्रिय होतो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

रुग्णालय निवडताना राहत्या जिल्ह्याचे निवडा, किंवा जिथे उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत ते सरकारी रुग्णालय निवडा. दोन्ही चालतात. मेंदूविकाराचे उपचार मोठ्या शहरात झाले असतील तर जुना केसपेपर तिथेच असल्याने दुसरा पर्याय सोयीचा पडतो. ज्यांच्याकडे एसएडीएम या राज्याच्या आधीच्या संगणक प्रणालीतले जुने प्रमाणपत्र आहे त्यांनी ते जोडून यूडीआयडी करून घ्यावे. नवी कामे आता त्या क्रमांकावर चालतात.

टक्केवारी कमी लागते ती का

सर्वांत जास्त प्रकरणे इथे फसतात. रुग्णालयात टक्के ठरवणारे वैद्यकीय मंडळ आजार मोजत नाही, आजारामुळे शरीराचे कोणते काम कायमचे थांबले ते मोजते. "मला किती त्रास होतो" हे सांगून टक्के वाढत नाहीत. सांधा किती अंशांत वळतो, पकड किती उरली आहे, ऑडिओग्राममध्ये (ऐकण्याच्या चाचणीचा अहवाल) किती डेसिबल आले, चष्मा लावून बऱ्या डोळ्याला किती दिसते, यावर टक्के ठरतात.

डोळ्यांच्या बाबतीत गैरसमज फार. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्केच लागतात. ती डॉक्टरांची चूक नाही, केंद्राच्या मूल्यांकन नियमातच तसे आहे. अशा वेळी तेवढ्यावरच अपील केले तर हाती काही लागत नाही. पण त्याच माणसाचा अपघातात पायही आखडला असेल आणि त्याचे २० टक्के होत असतील, तर चित्र बदलते. दोन दिव्यांगत्वांची सरळ बेरीज होत नाही. मोठ्या आकड्याला क आणि लहान आकड्याला ख म्हटले तर सूत्र असे: क + ख × (९० − क) ÷ ९०. इथे ३० + २० × ६० ÷ ९० म्हणजे ४३.३३. माणूस ४० च्या वर गेला. अर्जात फक्त 'दृष्टी' एवढीच खूण केली असती तर तो ३० वरच राहिला असता. म्हणून जे जे आहे ते सगळे अर्जात टाका, आणि तपासणीला प्रत्येकाचे कागद वेगळ्या प्लॅस्टिक फोल्डरमध्ये न्या: ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे किंवा एमआरआयचे अहवाल, ऑडिओग्राम (लहान मुलांसाठी बेरा ही ऐकण्याची चाचणी), मानसोपचाराचे सलग केसपेपर. मानसिक आजारात ही सलगता फार महत्त्वाची असते. मधली दोन वर्षे कागदावर उपचारच नसतील तर मंडळाला मोजायला आधार उरत नाही.

दुसरी चूक म्हणजे घाई. अर्धांगवायू होऊन महिनाच झाला असेल तर मंडळ बहुधा थांबायला सांगते किंवा तात्पुरते प्रमाणपत्र देते, कारण सुधारणा अजून चालू असते. तात्पुरते मिळाले तर त्यावरची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि संपण्याच्या ३ महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करा. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या बाबतीत वय वाढेल तशी पुन्हा तपासणी होतेच. ती राहून गेल्यामुळे प्रमाणपत्राची मुदत संपते आणि लाभ थांबतो.

रुग्णालयाच्या निर्णयाविरुद्ध

नाकारले तर कारण लेखी मिळणे हा तुमचा हक्क आहे. तोंडी "बसत नाही" ऐकून परत येऊ नका. अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे राज्य शासनाने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. ते कोणते हे जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी विचारा आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या.

अपील एका पानात मावले पाहिजे. दारिद्र्याचे वर्णन नको, त्याने टक्के बदलत नाहीत. असे लिहा: "दि. ... रोजीच्या तपासणीत फक्त उजव्या पायाची नोंद झाली. डाव्या कानाचा ऑडिओग्राम सोबत असूनही कर्णदोषाची तपासणी झाली नाही. दोन्हींचे एकत्रित मूल्यांकन व्हावे, ही विनंती." चूक नेमकी कुठे झाली ते दाखवा. जो अहवाल मंडळासमोर आलाच नव्हता तो आता जोडा. त्याच कागदांवर दुसऱ्यांदा तपासणी झाली तर आकडा बहुधा तोच येतो.

तहसीलमध्ये

इथे उत्पन्नाचा दाखला सर्वांत जास्त दगा देतो. मुदत दाखल्यावरच छापलेली असते. अर्ज फेब्रुवारीत दिला आणि अर्जांवर निर्णय घेणाऱ्या समितीची बैठक मेमध्ये झाली तर दाखला शिळा झालेला असतो. बैठकीच्या आधी नवा दाखला नेऊन द्या. विभक्त राहणाऱ्या मुलाचे नाव अजून रेशनकार्डात असेल तर त्याचे उत्पन्न धरले जाऊ शकते, म्हणून आधी शिधापत्रिका वेगळी करून घ्या.

लाडकी बहीण योजनेचे पैसे घेणाऱ्या दिव्यांग भगिनींनी दोन्हींत एक निवडावी. दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही. ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र हाती असेल तर २,५०० ची बाजू उघडच चांगली.

आधीपासून लाभ घेणाऱ्या दिव्यांगांना अजून १,५०० च जमा होत असतील तर यादीत त्यांची नोंद 'दिव्यांग' म्हणून झालेली नसण्याची शक्यता मोठी. यूडीआयडी कार्डाची प्रत तहसीलमधल्या संजय गांधी शाखेत अर्जासह द्या आणि पोच घ्या.

अर्ज नामंजूर झाला आणि कारण सांगत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील असाल तर फी नाही, फक्त पुरावा जोडा. महाराष्ट्रात हा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. "माझा अर्ज का नाकारला?" असे विचारलेत की "माहिती उपलब्ध नाही" असे उत्तर येते. त्याऐवजी कागद मागा: "अर्ज क्र. ... वरील टिपणीची आणि समितीच्या संबंधित बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत." ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करा. कारण हातात आले की ती उणीव भरून अर्ज पुन्हा देता येतो. दिव्यांग म्हणून हक्क डावलला गेला असेल तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही लेखी तक्रार करता येते.

मंजूर होऊनही पैसे येत नाहीत

आता रक्कम डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट, आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. इथे 'लिंक' आणि 'सीडिंग' यांतला फरक कळायला हवा. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे केवायसी झाले, ते फक्त 'लिंक'. पैसे मात्र जातात ते एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) नोंदीत शेवटी जोडलेल्या बँकेत, आणि ही नोंद म्हणजे 'सीडिंग'. दुकानात मोबाइलचे रिचार्ज करताना कुणी नवे खाते उघडून दिले आणि संमतीची खूण केली, तर अनुदान त्या खात्यात जाऊ लागते आणि घरी मात्र पासबुक कोरे. माय आधार संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहा. तिथे बँकेचे नाव दिसते. ती बँक चुकीची असेल तर हव्या त्या शाखेत आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरा, काही दिवसांनी पुन्हा तपासा, आणि मगच तहसीलमध्ये जा.

बोटांचे ठसे उमटत नसतील, जसे कुष्ठरोगात किंवा हात गमावल्यावर होते, तर बुबुळाने किंवा चेहऱ्याने पडताळणी करून मागा. दरवर्षीचा हयातीचा दाखलाही विसरू नका. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी घरी येऊन पडताळणी व्हावी असा अर्ज तलाठ्यांकडे वेळेत द्या. मधल्या महिन्यांची रक्कम परत गेली असेल तर पासबुकाची छापील पाने जोडा, कोणत्या महिन्यांची रक्कम आली नाही ती यादी करा, आणि थकबाकीची मागणी तहसीलच्या संजय गांधी शाखेत लेखी द्या.