किनाऱ्यावरच्या नगरपरिषदेत रुजू होताना

नगरपरिषद राज्यसेवेची परीक्षा देऊन दर भरतीत काही मुलंमुली कोकणात येतात. बरीचशी मराठवाड्यातली, विदर्भातली, काही सांगली-सोलापूरकडची. १९६५ चा नगरपरिषद अधिनियम त्यांनी नीट वाचलेला असतो, चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती आणि बाराव्या अनुसूचीतले अठरा विषय तोंडावर असतात. तरी पहिल्या दोन-तीन सभा झाल्या की ती गोंधळतात. सभागृहात तासभर भांडण झालेला विषय एका ओळीत मंजूर होतो आणि ज्यावर कुणी तोंड उघडलं नाही तोच विषय पुढे वर्षभर गाव ढवळून काढतो, हे कसं, असं विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी करनिर्धारण व प्रशासकीय सेवेतून आले आणि सिंधुदुर्गातल्या एका किनारी 'क' वर्ग नगरपरिषदेत सभेचं काम बरीच वर्षं सांभाळलं. वीस हजारांच्या आतली वस्ती, एक जेटी, एक मच्छी मार्केट, उन्हाळ्यात आटत जाणारा पाण्याचा उद्भव आणि मे महिन्यात दुप्पट होणारी माणसं. विषयपत्रिका काढायची, विभागांकडून टिपण्या मागवायच्या, इतिवृत्त लिहायचं हे माझं काम. गावाचा निर्णय कसा घडतो ते त्या टेबलावरून फार जवळून दिसतं.

आल्या आल्या एक गोष्ट करा. गावाचा नकाशा घ्या आणि कुठली जागा कुणाची आहे ते त्यावर लिहून काढा. घाटावरच्या शहरातही हे लागतं, पण किनाऱ्यावर त्यावाचून पानही हलत नाही. जेटी महाराष्ट्र सागरी मंडळाची. पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, ही सरकारी जमीन, त्यामुळे बोलणं तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांशी. समुद्र जमीन खायला लागला की लागणारा धूपप्रतिबंधक बंधारा पत्तन विभाग बांधतो. होड्यांचे परवाने, डिझेलचा परतावा, मासेमारी बंदी हे सगळं मत्स्यव्यवसाय विभागाकडे. गावातून जाणारा मुख्य रस्ता बऱ्याचदा सार्वजनिक बांधकामचा, त्याच्या कडेचं गटार मात्र आपलं. लोकांना ही वाटणी ठाऊक नसते आणि ती त्यांनी पाठ करावी असंही नाही. बंधाऱ्याचा दगड सरकला तरी माणूस नगरपरिषदेतच येतो, कारण नगरसेवक त्याच्या आळीतला आहे. 'हा विषय आमचा नाही' असं सांगून त्याला परत पाठवू नका. अर्ज घ्या, आवक क्रमांक द्या, संबंधित खात्याला पत्र काढा आणि त्याची प्रत अर्जदाराला द्या. सभेत ठराव करून शिफारस पाठवता येते. तेवढ्याने काम होईलच असं नाही, पण सभेच्या ठरावाचं पत्र आणि एकट्या नागरिकाचा अर्ज यांना वरच्या कार्यालयात सारखं वजन नसतं.

दुसरी गोष्ट कॅलेंडरची. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आहे, गावाचं वर्ष वेगळं आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण झाला की हंगाम अंगावर येतो. मग गणपती, चाकरमानी, दिवाळी, नाताळ, मे महिना. डांबरीकरण पावसात करता येत नाही, म्हणजे रस्त्यांना ऑक्टोबर ते मे एवढीच मुदत, आणि पर्यटकही नेमके त्याच दिवसांत. आता यात निधीची अडचण बघा. आपलं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं, बाजार फी. पगारसुद्धा शासनाच्या सहायक अनुदानावर चालतो. मोठं काम म्हटलं की बाहेरचा निधी: वित्त आयोग, शासनाच्या नगरोत्थान किंवा वैशिष्ट्यपूर्ण योजना, नाहीतर जिल्हा नियोजन समिती. तिथला निधी पुष्कळदा वर्षाच्या शेवटी येतो आणि तो मुदतीत खर्ची पडायला हवा असतो. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश असं करत एप्रिल उजाडतो, आणि जूनमध्ये मृग. ज्या नगरपरिषदेने पावसाळ्यातच अंदाजपत्रकं तयार करून ठेवली, तिची कामं होतात. जुलै-ऑगस्टमध्ये कार्यालय निवांत वाटतं. ते दिवस वाया घालवू नका. अभियंत्यांच्या मागे लागून नस्त्या, म्हणजे फायली, तयार करून घेण्याचे तेच दिवस आहेत.

आता सभेकडे येते. सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी, विशेष सभेची तीन पूर्ण दिवस आधी. 'पूर्ण' म्हणजे नोटीस बजावल्याचा दिवस आणि सभेचा दिवस सोडून. हे मोजायला चुकलात तर चांगला ठरावही कोर्टात पडतो. विषयपत्रिकेवर विषय येण्याआधी नगराध्यक्ष, गटनेते, मुख्याधिकारी यांचं बोलणं झालेलं असतं, आणि लहान गावात ते बोलणं कार्यालयात होईलच असं नाही. देवळाच्या सभामंडपात होतं, लग्नात होतं, जेटीवर उभ्याने होतं. नव्या माणसाला हे खटकतं. मला त्यात वावगं वाटत नाही. सत्ताधारी आणि विरोधक एकमेकांचे शेजारी, पुष्कळदा नातेवाईक असतात. ते आपसात बोलणारच, आणि बोलल्यामुळेच कित्येक वाद वाढत नाहीत. आपलं काम त्या बोलण्यात शिरण्याचं नाही. त्या बोलण्यात जे नव्हते त्यांचं म्हणणं कागदावर आणण्याचं आहे. ते करायची जागा म्हणजे टिपणी.

टिपणी म्हणजे विषयाखाली विभागाने लिहिलेली दोन-चार परिच्छेदांची माहिती. पुष्कळ कार्यालयांत ती 'सभेपुढे निर्णयार्थ सादर' एवढीच असते. तशी लिहू नका. जागा कुणाची, खर्च किती, निधी कुठला, पुढच्या देखभालीचा खर्च कोण करणार, कुणाच्या हरकती आल्या आणि कुणाला विचारलेलंच नाही, हे सगळं लिहा. नगरसेवक दिवसभर आपापल्या धंद्यात असतात, त्यांना सभेच्या आदल्या रात्री वाचायला एवढाच कागद मिळतो. चांगली टिपणी वाचून आलेला नगरसेवक सभेत वेगळं बोलतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण यात सगळं आलं. आमच्याकडे जुनं मच्छी मार्केट पाडून नवं बांधायचं होतं. निधी मंजूर झाला, आराखडा आला. तळमजल्यावर गाळे, वरच्या मजल्यावर मासळीचे ओटे. गाळ्यांना भाडं जास्त मिळतं, उत्पन्न वाढतं, हा हिशोब कागदावर चोख होता. हरकती-सूचनांसाठी बैठक ठेवली सकाळी अकराला. एकही मासेविक्रेती बाई आली नाही, आणि बैठकीच्या नोंदीत 'कोणतीही हरकत प्राप्त नाही' असं आलं. अकरा वाजता त्या बाया कुठे असतात, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पहाटे जेटीवर लिलाव, मग बाजारात बसणं. दुपारी कुठे घरी जाऊन चूल, आणि संध्याकाळी पुन्हा टोपली.

मुख्याधिकारी नवे होते आणि ऐकून घेणारे होते. मी आणि आमचे बांधकाम अभियंता भर दुपारी जुन्या मार्केटात गेलो आणि आराखडा ओट्यावर पसरला. एका वयस्कर काकीने तो पाहिला आणि विचारलं, "मॅडम, टोपली डोक्यार घेऊन जिनो कोण चढतला? आनी गिऱ्हाईक तरी वर येतला काय?" दुसरीने पाण्याचं विचारलं: मासे धुतलेलं पाणी कुठल्या बाजूला जाणार, कारण तिच्या घरामागचा व्हाळ (ओढा) तिकडेच होता. तिसरीने बर्फाची पेटी कुठे ठेवायची ते विचारलं. सुकी मासळी विकणाऱ्यांना ओल्या मासळीपासून लांब, कोरडी जागा हवी होती. शेजारच्या गावांतून येऊन रस्त्याकडेला बसणाऱ्या बायांची नावं ओटाधारकांच्या यादीत नव्हतीच. त्यांचं काय, हा प्रश्न त्यांनी नाही, ओटे असलेल्यांनीच काढला.

हे सगळं मी टिपणीत जसंच्या तसं लिहिलं, बोलणाऱ्यांची नावं न घालता. सोबत पथविक्रेता अधिनियम, २०१४ चा आधार जोडला. त्या कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांमधून यावे लागतात आणि त्यांत एकतृतीयांश महिला असाव्या लागतात. पुढच्या सभेत विषय पुन्हा आला, जोरदार चर्चा झाली, उत्पन्न बुडेल असं म्हणणारेही ठाम बोलले. त्यांचंही खोटं नव्हतं, गाळेभाड्यावर आमचे दिवे जळतात. अखेर मासळी तळमजल्यावर घेऊन सुधारित आराखडा मंजूर झाला. सुधारित म्हणजे तांत्रिक मान्यता नव्याने, आणि त्यात एक हंगाम गेला. त्याबद्दल लोकांनी आम्हाला बोलही लावले. तरी मी तो हंगाम गेला ते बरं झालं असंच म्हणेन. वरच्या मजल्यावर ओटे बांधून रिकामे पडलेत आणि बाया पुन्हा रस्त्यावर, हे काही बाजारांत पाहायला मिळतं.

म्हणून जनसुनावणीची वेळ ठरवताना आधी विचारा, हा विषय ज्यांचा आहे ती माणसं त्या वेळी कुठे असतात. रापणकरांशी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांशी, बोलायचं तर भरती-ओहोटी बघून जा. बोटवाल्यांशी बोलायचं तर बंदीच्या महिन्यांत. आणि जमिनीचा विषय असेल तर चाकरमान्यांचा विचार करा. इथल्या घरांवर, आवाठांवर चार-पाच भावंडांची सामाईक नावं असतात आणि त्यातली निम्मी मुंबईत. शहराच्या विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम २६ नुसार हरकतींसाठी तीस दिवस मिळतात. ते तीस दिवस भर पावसात पडले तर मुंबईकराला आपल्या परसावर आरक्षण पडल्याचं कळतं ते गणपतीत, मुदत उलटल्यावर. प्रसिद्धीची तारीख आपल्या एकट्याच्या हातात नसते. पण नोटीस वाडीवाडीत लावणं, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांना कळवणं, नकाशा लोकांना समजेल असा मोठा करून कार्यालयात टांगणं हे आपल्या हातात आहे, आणि त्याला वेगळी मंजुरी लागत नाही.

सीआरझेड, म्हणजे किनारी भागातल्या बांधकामांवर बंधनं घालणारं किनारा नियमन क्षेत्र, त्याबद्दल थोडं. १९९१, २०११ आणि २०१९ अशा तीन अधिसूचना झाल्या. जुन्या नस्तीत कुठल्या वर्षीची परवानगी आहे त्यावरून कुठली अधिसूचना लागू होती ते बघायची सवय लावा. भरती रेषा कुठे आहे हे मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यावर पाहायचं, अंदाजाने सांगायचं नाही. घरदुरुस्तीसाठी आलेल्या मच्छीमाराला 'सीआरझेडमध्ये बसत नाही' हे तीन शब्द सांगून पाठवणं सोपं असतं. कुठल्या क्षेत्रात, कुठल्या तरतुदीमुळे बसत नाही आणि काय केलं तर बसेल, हे लेखी द्या. किनाऱ्यावरचे निम्मे गैरसमज तोंडी नकारांतून झालेले आहेत.

दबाव येतो का, हेही सगळे विचारतात. येतो. पण लहान गावात तो धमकीपेक्षा ओळखीच्या वाटेने येतो. सभा संपल्यावर 'इतिवृत्तात एवढं वाक्य घाला' असा फोन येतो. सभेत जे झालं नाही ते घालू नका आणि जे झालं ते गाळू नका. सूचक, अनुमोदक, विरोध, मतदान झालं असल्यास कुणी कुठे मत दिलं, सगळं त्याच दिवशी कच्च्या वहीत उतरवा. बेकायदा किंवा लोकहिताला बाधक ठरावाची अंमलबजावणी नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी थांबवू शकतात, आणि तिथे सुनावणीत पहिल्यांदा मागतात ते इतिवृत्तच. 'आयत्या वेळचे विषय' या मथळ्याखाली मोठ्या खर्चाचा किंवा जमिनीचा विषय आला तर मुख्याधिकाऱ्यांना आधीच लेखी निदर्शनास आणा. तोंडी सांगितलेलं पुढे कुणालाच आठवत नाही.

२०२१-२२ नंतर मुदत संपलेल्या बऱ्याच नगरपरिषदांवर प्रशासक होते. सभागृह नव्हतं, तरी ठराव होत होते, प्रशासकांच्या सहीने. त्या काळातल्या नस्त्या तुमच्या टेबलावर येतील. काही कामं त्या वर्षांत झपाट्याने झाली हे खरं आहे. पण प्रश्न विचारणारं कुणी समोर नसलं की टिपण्या किती आखूड होतात, तेही त्यांत दिसेल. अशा ठरावावर पुढचं काम करण्याआधी जागेवर जाऊन या.

आणि वेंगुर्ल्याला एकदा नक्की जा. तिथला कचरा डेपो पाहा. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना त्या जागेचं रूप पालटलं. घराघरांतून वेगळा केलेला कचरा, त्यातून खत आणि बायोगॅस, आणि माणसं फिरायला येतील अशी बाग. लोक यंत्रं बघून परततात. तुम्ही तिथल्या मुकादमांशी आणि घंटागाडीवरच्या माणसांशी बोला. लोक ओला-सुका वेगळा करून द्यायला कसे तयार झाले, नगरसेवकांना कसं सोबत घेतलं, दंड कधी लावला आणि कधी लावला नाही, हे तेच सांगू शकतात.

राज्यसंवर्गात असल्याने काही वर्षांत तुमची बदली होणार आहे. गावातली माणसं तिथेच राहतील. जाण्याआधी ठराव अंमलबजावणीची नोंदवही पुरी करा: ठराव क्रमांक, तारीख, कुणाकडे पाठवला, कुठे अडला, का अडला. 'का अडला' या रकान्यात खरं कारण लिहा. जागेचा वाद असेल तर कुणाकुणात, वरच्या खात्याचं उत्तर बाकी असेल तर कुठल्या पत्राचं. तुमच्या जागी येणारा कदाचित पहिल्यांदाच समुद्र बघत असेल, आणि त्याच्या पहिल्याच सोमवारी बंधाऱ्याचा अर्ज घेऊन कुणीतरी दारात उभं असेल.